पंधरा नंबरची खुर्ची

जेनोआहून तोरिनो, रेल्वेनं दोन तास.
शुक्रवारी रात्री पोचायचं, शनिवारी बर्फ, रविवारी सामना,
असं मी ऑक्टोबरातच वहीत लिहून टाकलं होतं
निळ्या शाईनं,
खोडायची वेळच येणार नाही अशा थाटात.

मग लीगनं सामना सोमवारी रात्रीवर ढकलला.
टीव्हीवाल्यांची मर्जी.
वरच्या गावातलं लॉज म्हणालं, सोमवारी आम्ही बंद.
बस म्हणाली, डिसेंबरात मी दिवसातून दोनदाच.
माझी रजा म्हणाली, मंगळवार? विसर.
बाबा फोनवर हसले:
"नमनालाच घडाभर तेल जाळलंस, पोरी.
तिकिटं कधी काढणार?"

बाबा, एराल्दो, वय शहात्तर.
चाळीस वर्षं गाड्यांना दरवाजे बसवले,
डावा गुडघा कारखान्यातच ठेवून आले.
बर्फाशी त्यांचं कधी जमलं नाही.
"डोंगर गल्लीच्या टोकाला रोज दिसतो, फुकटात.
त्याच्या अंगावर चढून काय बघायचं?"
म्हणून बर्फ माझ्या नेवियोसाठी, वय नऊ,
ज्यानं तो फक्त फ्रीजरमध्ये पाहिलाय,
आणि सामना बाबांसाठी.
एका सहलीत दोघांची समजूत,
असा माझा हिशेब.

पण परवा ते एकाएकी म्हणाले,
"आधी सामना, मग डोंगर. क्रम बदलू नकोस.
आणि डोंगरावर मीही येतोय."
का, विचारलं तर
पलीकडून नुसती कॉफीच्या भांड्याची गुरगुर.
ते भांडं उतरवलं त्यांनी, झाकण लावलं,
मग सांगितलं.

त्यांची खुर्ची चौदा नंबरची, रांग अकरावी.
पंधरा नंबरवर एक माणूस बसतो. एकतीस वर्षं.
नाव?
"पहिल्या वर्षी विचारायचं राहिलं,
मग विचारायची लाज वाटायला लागली."
पेनल्टी असली की तो मैदानाकडे पाठ करतो
आणि बाबांच्या चेहऱ्यावरून निकाल वाचतो.
थंडीत वर्तमानपत्राच्या पुडीत भाजलेले चेस्टनट आणतो.
आई गेली त्या वर्षी
तो अवाक्षर बोलला नाही,
पूर्ण मोसम
एकेक चेस्टनट सोलून बाबांच्या तळहातावर ठेवत राहिला.
हे मला आजवर माहीत नव्हतं.
त्या वर्षी मी दर रविवारी फोन करून विचारायचे,
"जेवलात का?"
ते म्हणायचे, "हो, स्टेडियमवरच."

गेले तीन सामने ती खुर्ची रिकामी आहे.
तिथं दुसरं कुणी येऊन बसलेलंही नाही.
बाबा आपला मफलर तिच्यावर ठेवतात,
जागा धरल्यासारखा.

एवढंच ठाऊक, की तो वरच्या गावचा,
बसचा शेवटचा थांबा,
चर्चच्या मागे लाकडाची वखार.
सोमवारी तो आला, तर मंगळवारी नुसता बर्फ.
नाही आला, तर शोधायचं.
"पण नाव माहीत नसताना
विचारणार काय, बाबा?"
"विचारीन, पंधरा नंबर कुठे राहतो म्हणून.
गाव केवढं असतं."

तर आता नव्यानं लिहिलंय, पेन्सिलनं.
शनिवारचं लॉज रद्द, मंगळवारचं पक्कं.
साहेबांना खोटं कारण, शाळेला खरं.
गुडघ्याचा पट्टा. नेवियोचे हातमोजे, दोन जोड,
एक तो हरवणारच.
बसची वेळ: सात दहा, आणि मग थेट सव्वातीन.
बाबांना पायऱ्यांपाशी उतरायला हात द्यायचा,
पण त्यांना कळू न देता.

फोन ठेवता ठेवता ते म्हणाले,
"येताना बाजारातून चेस्टनट आण. मोठे बघून."
तिथं डोंगरभर झाडं आहेत त्यांची, म्हटलं.
"तरी आण."
किती?
"चौघांपुरते."

आम्ही तिघं आहोत.
मी पेन्सिलला टोक काढलं
आणि तेवढेच लिहिले.